पीसी ऐन कामाच्या वेळी घुरघुरतोय? ऑटोमॅटिक मेंटेनन्सच्या या चुका टाळा

बाबा सकाळी पीसी चालू करून पेपर वाचत बसायचे आणि दहा मिनिटांत फॅन जोरात घुरघुरायला लागायचा, त्यांनी तर व्हायरस आलाय हे पक्कंच केलं होतं. व्हायरस बिरस काही नव्हता. विंडोज १० आणि ११ मध्ये ऑटोमॅटिक मेंटेनन्सची, म्हणजे विंडोज स्वतःहून करतं त्या अपडेट, स्कॅन वगैरे देखभालीच्या कामांची वेळ आधीपासून रात्री २ ची असते आणि आपल्याकडे झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची सवय, मग राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी पीसी चालू असून कोणी वापरत नाहीये असं दिसलं की सुरू होतं. ही वेळ बदलता येते हो! कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, तिथे मेंटेनन्स उघडून चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज. बाबांचा पीसी दुपारी चालूच असतो म्हणून मी त्यांच्या जेवणाची १ ची वेळ टाकली.

दुसरी चूक म्हणजे टास्क मॅनेजर उघडून 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किंवा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर'ला एंड टास्क मारणं. पहिलं डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं स्कॅन आहे, दुसरं अपडेट बसवतं, मध्येच तोडलं तर अपडेट अर्धवट राहू शकतं आणि मग खरा ताप सुरू होतो. चालू द्या, संपतं ते.

आता माझी स्वतःची चूक, आणि ही सगळ्यात महाग पडू शकली असती. लॅपटॉपवर घरच्या फोटोंचा बॅकअप टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजमधलं ॲप) लावला, दर रविवारी रात्री ११ वाजता, आणि निवांत झाले. तीन महिन्यांनी सहज बघितलं तर लास्ट रन टाइममध्ये तारीख ३०-११-१९९९! तेव्हा हा लॅपटॉप जन्मालाही आला नव्हता, टास्क एकदाही चाललाच नसेल तर तिथे हीच तारीख दिसते. झालं काय की कंडिशन्स टॅबमध्ये चार्जर लावलेला असेल तरच चालव अशी टिक आधीपासून असते, ती मी बघितलीच नव्हती, आणि रात्री लॅपटॉप बॅटरीवरच असायचा. ती टिक काढा, आणि सेटिंग्ज टॅबमध्ये वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव असा पर्याय असतो तो चालू करा. मग राइट क्लिक करून रन दाबा आणि बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन फोटो खरंच आलेत का ते डोळ्यांनी बघा, नुसतं 'कम्प्लीटेड सक्सेसफुली' वाचून थांबू नका.

पीसीत एसएसडी (जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी येणारी चिपवाली डिस्क) असेल तर वेगळं डिफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं ॲप टाकू नका, विंडोज दर आठवड्याला स्वतःच ट्रिम करतं, म्हणजे डिलीट केलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं.

आणि स्टोरेज सेन्स, म्हणजे नको असलेल्या फाइल्स आपोआप काढून जागा करणारी विंडोजची सोय, चालू करताना डाउनलोड्सचा पर्याय नेव्हरवरच ठेवा प्लीज. तिथे ३० दिवस निवडलं तर महिनाभर न उघडलेल्या फाइल्स उडतात, आणि आपला सातबारा, मुलांच्या मार्कशीट, लाइट बिलं सगळं तिथेच पडलेलं असतं.