आयबीएम मॉडेल एमचा कंट्रोलर बदलताना

कीबोर्ड बंद पडला की आधी केबल बदलून बघा, बऱ्याचदा तीच गेलेली असते. कंट्रोलरच (कुठली की दाबली ते ओळखून संगणकाला कळवणारा आतला बोर्ड) गेला असेल तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावा आणि त्यात क्यूएमके हे कीबोर्डचं फर्मवेअर टाका. मॅट्रिक्स, म्हणजे कीजच्या आडव्या-उभ्या तारांची जाळी, 16 बाय 8 चं आहे म्हणजे 16 अधिक 8 अशा 24 पिना लागतात आणि पिकोवर 26 मिळतात, प्रो मायक्रो या दुसऱ्या बोर्डवर 18 च असतात म्हणून तो घेऊच नका.

केस उघडायला 5.5 मिमीचा नट ड्रायव्हर लागतो, लांब आणि पातळ भिंतीचा, कारण चारही स्क्रू खोल खड्ड्यात बसलेत. आतून दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात त्यांना सोल्डरिंग आयर्न अजिबात लावू नका, फिल्म वितळते आणि मग मेंब्रेनच (कीजखालची सर्किट छापलेली प्लॅस्टिकची शीट) गेलं समजा. पट्टी कनेक्टरच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, हलवत हलवत नाही. नवे 16 आणि 8 पिनांचे 2.54 मिमी पिचवाले (दोन पिनांमधलं अंतर) एफएफसी, म्हणजे चपट्या पट्टीचे, कनेक्टर घ्या, जुन्या बोर्डाचे काढू नका, तो जपूनच ठेवा. आणि हो, मेंब्रेनमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नसतात त्यामुळे एन-की रोलओव्हर, म्हणजे कितीही की एकदम दाबल्या तरी सगळ्या बरोबर ओळखणं, नवीन कंट्रोलरनेही मिळणार नाही, तीन-चार की एकदम दाबल्यावर भलतीच की उमटली तर वायरिंग उसवत बसू नका.