मोठं सिक्युरिटी अपडेट येतंय? सपोर्टमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

सिस्टीम ॲडमिन किंवा डेस्कटॉप सपोर्टच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेल्यांना वाटतं, मोठ्या अपडेटची तयारी म्हणजे फाइल उतरवून ठेवायची आणि रात्री जागायचं. माझा अनुभव असा, की खरं काम त्या रात्रीच्या कितीतरी आधी होतं. मशीन किती, कुठल्या आणि बिघडलं तर मागे कसं यायचं, हे माहीत असेल तर ती रात्र बहुधा कंटाळवाणी जाते. तशीच ती जायला हवी.

दरमहाचं पॅचिंग, म्हणजे छोट्या दुरुस्त्या (पॅच) बसवणं, वेगळं. विंडोजचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासूनचा हा शिरस्ता. मोठं अपडेट सिस्टीमची वागणूकच बदलतं. विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये आला आणि फायरवॉल आपोआप चालू झाली. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य. पण बाहेरून येणाऱ्या कनेक्शनवर अवलंबून असलेले प्रोग्रॅम अडले. तेव्हा रिलीज नोटमध्ये काय दुरुस्त केलं ते नुसतं चाळा. डीफॉल्ट काय बदललं आणि कोणत्या अडचणी आधीच कबूल केल्यात, ते मात्र शब्दन् शब्द वाचा. नवी मंडळी नेमकं उलटं करतात.

मग मशीनची यादी. एक्सेलमधल्या यादीवर विसंबू नका. कपाटात पडून असलेला लॅपटॉप तिच्यात नसतो, आणि तोच नंतर जुन्या पॅचसकट नेटवर्कवर येतो. प्रत्येक मशीनचं व्हर्जन, फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि मोकळी जागा पाहा. जागा म्हणजे फक्त सी ड्राइव्हची नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सिक्युरिटी अपडेट अनेकांच्या मशीनवर बसेचना. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या साधनांसाठी डिस्कवर राखलेल्या वेगळ्या भागात, २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि स्क्रीनवर यायचा तो नुसता ०x८००७०६४३ हा एरर. जागा कमी पडतेय याचा त्यात उल्लेखही नाही!

सगळ्यात जास्त वेळ मी देतो तो बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या, रिकव्हरी कीला. फर्मवेअर किंवा सिक्युअर बूटला (मशीन सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) हात लागला की मशीन चालू होताना निळ्या स्क्रीनवर की मागू शकतं. सहा-सहा अंकांचे आठ गट, एकूण ४८ अंक. फोनवर पलीकडच्याकडून ते टाइप करून घेताना घाई केली की एखादा अंक हमखास चुकतो. एकेक गट वाचा, त्यांना परत वाचायला लावा. त्याआधी स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं आपल्या नोंदीशी जुळवा. एका मशीनच्या नावावर दोन-तीन जुन्या की असणं अगदी नेहमीचं. आणि या की ज्या सर्व्हरवर ठेवल्यात, तोच त्या रात्री अपडेट व्हायचा नाही ना? फर्मवेअर अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड करून, म्हणजे तात्पुरतं थांबवून, ठेवलं की बराच त्रास वाचतो. त्याने डेटा डिक्रिप्ट होत नाही. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपतात, त्यामुळे हे ज्ञान कामी येईल.

बॅकअपबद्दल एकच: एखादी फाइल प्रत्यक्ष रिस्टोर करून पाहा. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काहींच्या फाइली पुसतंय असं दिसल्यावर मायक्रोसॉफ्टलाच ते थांबवावं लागलं होतं.

पायलट ग्रुपमध्ये, म्हणजे अपडेट आधी ज्यांच्यावर तपासायचं त्या मोजक्या मशीनमध्ये, आयटीवाल्यांचीच मशीन घालायची पद्धत मला मुळीच पटत नाही. आपल्या मशीनवर ॲडमिनचे अधिकार असतात, आपल्याला काही अडतच नाही. अकाउंट्समधली एखादी व्यक्ती, सगळ्यात जुना प्रिंटर वापरणारी आणि सतत तक्रार करणारी एक, अशी माणसं निवडा. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर प्रिंटर ड्रायव्हर टाकायला डीफॉल्टने ॲडमिनचे अधिकार लागू लागले. साध्या युजरच्या मशीनवर हे पहिल्याच दिवशी कळतं, आपल्या मशीनवर कधीच नाही.

पण पायलट लांबवत बसू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस ज्या त्रुटीतून पसरला, तिचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता आणि हल्ला झाला १२ मे रोजी. 'अजून एक आठवडा बघू' म्हणणाऱ्या मॅनेजरला मी या दोन तारखा दाखवतो. पायलट संपायची तारीख सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या, आणि कोणत्या परिस्थितीत थांबायचं तेही. विंडोजचं व्हर्जनच बदललं असेल तर मागे जायची सोय साधारण १० दिवसच असते, हे तेव्हाच मॅनेजरच्या कानावर घालून ठेवा.

युजरना कळवताना तांत्रिक तपशील गाळा. मशीन कधी बंद होईल, फाइली कुठे सेव्ह करायच्या, अडलं तर कुणाला फोन करायचा, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसलं तरी चार-पाच मशीनवर जाऊन विनव्हर (winver, विंडोजचं व्हर्जन दाखवणारी कमांड) चालवा आणि बिल्ड नंबर पाहा. आठवडाभर झाकण मिटून स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपवर अपडेट उतरलेलं असतं, पण रीस्टार्टसाठी ताटकळत असतं. तिथे जुनाच नंबर दिसेल.