पाचवी ते आठवीच्या मुलांचं इंग्रजी भाषण कसं तयार करून घ्यावं

पाचवी ते आठवीच्या मुलांकडून मी गेली बरीच वर्षं इंग्रजी भाषणं तयार करून घेते आहे. विषय ठरलेले असतात: माय रोल मॉडेल, नेव्हर गिव्ह अप, माय ड्रीम, बिलीव्ह इन युअरसेल्फ, द डे आय विल नेव्हर फरगेट. आणि दर वर्षी तीच भाषणं समोर येतात. इंटरनेटवरून उतरवलेली, मोठ्यांनी सजवलेली, आणि ज्याने बोलायचं ते मूल त्यांत कुठेच नाही. माझ्या पद्धतीत निम्म्याहून जास्त वेळ एकाच कामात जातो: मुलाकडून त्याची स्वतःची गोष्ट काढून घेण्यात. ते जमलं की बाकीचं लवकर उरकतं.

आधी शब्द मोजा

घरात इंग्रजी बोललं जात नसेल तर मूल स्टेजवर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द नीट बोलतं. तीन मिनिटांना ३०० शब्द पुरे. ४५० शब्द पाठ करून घेतले की मूल धापा टाकत पळतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भाषण छोटं वाटेल अशी भीती असेल, तर अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचं गेटिसबर्गचं भाषण आठवा. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी झालेलं ते भाषण जेमतेम २७० शब्दांचं आहे. त्याच समारंभात लिंकनच्या आधी त्या काळचे नावाजलेले वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते.

मुलाची गोष्ट काढून घेणं

इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे. सातवीतला एक मुलगा होता, विषय होता ‘हार्ड वर्क’. भाषण मीच लिहून दिलं. त्यात ‘पर्सिव्हरन्स’ होतं, ‘इनडॉमिटेबल स्पिरिट’ होतं, लय होती. त्याने ते चोख पाठ केलं. स्टेजवर दुसऱ्या परिच्छेदात ‘पर्सिव्हरन्स’पाशी तो अडखळला, पहिल्या वाक्यावर परत गेला, पुन्हा तिथेच अडकला. तिसऱ्यांदा अडकल्यावर खाली उतरला. नंतर मला म्हणाला, “मॅडम, पुढे काय सांगायचं होतं तेच मला माहीत नव्हतं.” त्याचं खरं होतं. त्याला शब्दांची रांग पाठ होती, सांगण्यासारखं त्याचं स्वतःचं काही मी त्यात ठेवलंच नव्हतं. तेव्हापासून मी एकाही मुलाला भाषण लिहून दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका, स्पर्धा परवावर आली असली तरी.

प्रेरणादायी विषय आला की मोठी माणसं मुलाला विचारतात, “तुला कशातून प्रेरणा मिळते?” या प्रश्नाला अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. ते गोंधळतं आणि आठवेल ते थोर नाव सांगून मोकळं होतं. त्यापेक्षा असं विचारा: तुला आधी अजिबात येत नव्हतं आणि आता येतं असं काय आहे? एखादी गोष्ट सोडून द्यावीशी वाटली आणि तरी सोडली नाहीस, असं कधी झालं? घरातलं कुणी खूप दमलेलं कधी पाहिलंस, आणि ते माणूस तेव्हा काय करत होतं? कुठली चूक बरेच दिवस कुणालाच सांगितली नव्हतीस?

हे मराठीत विचारा. मुलाच्या आठवणी ज्या भाषेत आहेत, त्याच भाषेत त्या वर येतात. इथे “इंग्लिशमध्ये सांग” म्हणालात की दार बंद झालं. आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. पहिलं उत्तर तुम्हाला आवडावं म्हणून दिलेलं असतं. दुसरं किंवा तिसरं खरं असतं, आणि ते यायला वेळ लागतो. प्रश्न विचारून झाला की मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते, मध्ये एक शब्दही बोलत नाही. हे फार जड जातं, पण त्या शांततेतच मूल आठवायला लागतं.

सहावीतली एक मुलगी ‘नेव्हर गिव्ह अप’साठी गिर्यारोहकांवरचं भाषण घेऊन आली होती. तिने डोंगर फक्त चित्रात पाहिलेला. दमलेल्या माणसाचा प्रश्न विचारला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आजी सही शिकत होती तेव्हा.” पक्षाघाताने आजीचा उजवा हात गेला होता आणि ती डाव्या हाताने नाव लिहायला शिकत होती. कागद सरकू नये म्हणून ही तो रोज दोन्ही हातांनी धरून बसायची. यापुढे मला काही शोधावं लागलं नाही. तिचं पहिलं वाक्य झालं, “माय ग्रँडमदर लर्न्ट टु राइट हर नेम ॲट सिक्स्टी-एट.” दुसरं, “आय हेल्ड द पेपर.”

गोष्ट सापडली की ती आधी मराठीत पूर्ण सांगू द्या, मध्ये न टोकता. लगेच, त्याच बैठकीत, तीच गोष्ट इंग्रजीत सांगायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. शब्द अडला तर तिथे मराठी शब्द चालेल. मराठीत लिहून मग भाषांतर करा, असा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. लिहायला बसलं की मूल ‘अंगावर शहारे आले’ लिहितं आणि मग त्याला इंग्रजी शब्द शोधत डिक्शनरी उघडतं. बोलताना मात्र तेच मूल सरळ “आय वॉज स्केअर्ड” म्हणतं. आपल्याला तेच हवं आहे.

रेकॉर्डिंग ऐकून मुलाने स्वतः ते कागदावर उतरवायचं. तुम्ही फक्त व्याकरण सुधारा, शब्द ‘भारी’ करू नका. चुका ठरावीक असतात. ‘मला म्हणाली’वरून “सेड मी” येतं, तिथे “टोल्ड मी”. “डिडन्ट वेन्ट”चं “डिडन्ट गो”. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखं काही नसल्याने ते गळतात. आणि सगळ्यांत जास्त लक्ष काळाकडे द्या. मराठीत गोष्ट सांगताना आपण सहज ‘मी दार उघडतो, बघतो तर काय’ असं वर्तमानात शिरतो. मुलं तेच इंग्रजीत नेतात आणि एका परिच्छेदात तीनदा काळ बदलतो. सगळी गोष्ट साध्या भूतकाळात ठेवा.

एक सूचना अगदी मनापासून. रडू आणणारी गोष्ट शोधत बसू नका. आजार, भांडण, कुणाचं जाणं असं काही निघालं आणि सांगताना मुलाचा आवाज अजून फुटत असेल, तर ती गोष्ट स्टेजसाठी नाही. तिथेच थांबा, त्याला जवळ घ्या आणि दुसरी गोष्ट निवडा. गोष्टीत घरातलं दुसरं माणूस असेल तर त्याची परवानगी मुलाने स्वतः मागायची. त्या मुलीने आजीला विचारलं होतं.

इतकी साधी, घरगुती गोष्ट चालेल का, अशी शंका पालकांना हमखास येते. १९९२ साली रिओ दी जानेरोच्या वसुंधरा परिषदेत १२ वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी बोलली. समोर देशोदेशींचे प्रतिनिधी होते. आपण वडिलांबरोबर मासे पकडायला जायचो आणि मग त्या माशांत कॅन्सरच्या गाठी सापडू लागल्या, हे तिने तिथे सांगितलं. मी एक लहान मूलच आहे, असंही सांगितलं. मोठ्यांसारखं बोलायचा प्रयत्न तिने केला नाही.

सुरुवात आणि शेवट

“गुड मॉर्निंग एव्हरीवन” म्हणा आणि थेट गोष्टीत शिरा. सुविचाराने सुरुवात मी करू देत नाही, कारण मुलांना मिळणारे निम्मे सुविचार चुकीच्या नावावर फिरत असतात. “बी द चेंज”चं ते प्रसिद्ध वाक्य गांधीजींच्या लिखाणात त्या शब्दांत सापडत नाही. बल्ब बनवतानाचे एडिसनचे फसलेले प्रयत्न एका भाषणात हजार असतात आणि दुसऱ्यात दहा हजार. शेवटी “सो फ्रेंड्स, वी शुड ऑल्वेज...” नको. गोष्टीतलं शेवटचं दृश्य सांगायचं आणि “थँक यू”. त्या मुलीचं शेवटचं वाक्य होतं, “नाऊ शी होल्ड्स द पेपर हरसेल्फ.”

पाठांतर

शब्द घोकू नका. भाषणाची पाच चित्रं, म्हणजे डोळ्यांसमोर येणारे पाच प्रसंग, पाडा, प्रत्येकाला मराठीत दोन शब्दांचं नाव द्या आणि मुलाला नावावरून बोलायला सांगा. रोज वेगळ्या चित्रापासून सुरू करा, कधी चौथ्यापासून, कधी दुसऱ्यापासून. वाक्य रोज थोडं बदललं तरी बदलू द्या. अडकल्यावर पहिल्या वाक्याकडे परतायची सवय याने मोडते.

उच्चार

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजीत शब्दातल्या एकाच अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘डेव्हलप’चा उच्चार ‘डि-व्हे-लप’ असा, जोर मधल्या ‘व्हे’वर आहे, पहिल्या अक्षरावर नाही. ‘कम्फर्टेबल’ बोलताना ‘कम्फ्टबल’ होतो, जोर पहिल्या अक्षरावर. भाषणातले असे पाच-सहाच शब्द निवडून अधोरेखित करा. सगळेच सुधारायला गेलात तर मूल बोलायचंच थांबेल.

उभं राहणं

हातवारे शिकवू नका. आरशासमोर सराव तर मुळीच नको, मूल गोष्ट विसरून स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. घरातल्या एका माणसाला समोर बसवा आणि त्याला सांगू द्या. हात आपोआप हलतात.

त्या दिवशी

सकाळी पूर्ण भाषण म्हणून घेऊ नका, फक्त पाच चित्रांची नावं एकदा विचारा. तुम्ही मागच्या रांगेत बसा. पुढे बसलेले पालक मुलाबरोबर ओठ हलवतात, आणि मूल गोष्ट सोडून ते ओठ वाचू लागतं. अडकलंच तर एक श्वास घेऊन पुढच्या चित्रावर जायचं, सॉरी म्हणायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवा. खाली उतरल्यावर काय राहिलं ते त्या दिवशी सांगू नका.