‘नुसती जाहिरातबाजी’ हा आरोप कागदावर कसा उभा करायचा

‘काम कमी, गाजावाजा जास्त’ ही विरोधी बाकांवरची सर्वांत जुनी टीका आणि सर्वांत स्वस्तही. ती करायला काही लागत नाही, म्हणून ती उडवून लावायलाही काही लागत नाही. ‘योजना लोकांपर्यंत पोहोचवायच्या नाहीत का?’ एवढं एक वाक्य मंत्र्याला पुरतं आणि पत्रकार परिषद संपते. हा आरोप टिकवायचा असेल, तर प्रसिद्धीचा पैसा आणि कामाचा पैसा एकाच कागदावर, एकाच काळातला, शेजारी शेजारी मांडता आला पाहिजे. तो कागद कसा तयार करायचा ते पुढे आहे. आमदारांचे स्वीय सहायक, पक्ष कार्यालयात संशोधन बघणारी मंडळी आणि तालुक्याला बसून माहिती अधिकाराचे अर्ज टाकणारे कार्यकर्ते यांना ते उपयोगी पडेल. पक्ष कोणताही असो, महाराष्ट्रात कालचे सत्ताधारी आज समोरच्या बाकांवर असतात.

आधी आरोप नेमका कोणता ते ठरवा

पैशाचा आरोप वेगळा, श्रेय लाटल्याचा वेगळा आणि कपडे, फोटो, इव्हेंट यांवरचा वेगळा. तिन्ही एकाच भाषणात कोंबले की तिन्ही पातळ होतात.

शेवटचा प्रकार सर्वांत मोहात पाडणारा आणि एकट्याने सर्वांत कुचकामी. २० एप्रिल २०१५ रोजी राहुल गांधींनी लोकसभेत मोदी सरकारला ‘सूट-बूट की सरकार’ म्हटलं आणि ते शब्द वर्षानुवर्षं राहिले, पण फक्त सुटामुळे नाही. त्या वेळी भूसंपादनाचा अध्यादेश चर्चेत होता आणि बोलणं शेतीच्या संकटावर चाललं होतं. सूट ही खूण होती, मुद्दा जमिनीचा होता. ज्या टीकेच्या मागे असा चालू निर्णय नसतो, ती टीका व्यक्तिगत वाटते आणि नेत्यालाच सहानुभूती मिळवून देते. २००४ मध्येही वाजपेयी सरकारच्या ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती किती चकचकीत यावर काँग्रेस अडली नाही. ‘आम आदमी को क्या मिला?’ असं तिने विचारलं.

पैशाचा आरोप चटकन लागतो तो रक्कम एक, आदेश एक आणि माणूस एक असला की. मे २०२१ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांची समाजमाध्यमं सांभाळायला बाहेरची संस्था नेमण्याचा, सुमारे ६ कोटी रुपयांचा शासन निर्णय निघाला. करोनाची दुसरी लाट भरात होती. विरोधातल्या भाजपने टीका केली आणि दुसऱ्याच दिवशी आदेश मागे घेतला गेला. सरकारकडे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय असताना वेगळी संस्था कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दोनशे पानी पुस्तिकेपेक्षा असा एक कागद भारी पडतो.

पैसा कुठे शोधायचा

अर्थसंकल्पात प्रधान शीर्ष (खर्चाचा मोठा गट) २२२० म्हणजे ‘माहिती व प्रसिद्धी’. बहुतेक जण हे शीर्ष उघडतात, रक्कम लिहून घेतात आणि थांबतात. चूक इथेच होते. प्रसिद्धीचा मोठा भाग त्या त्या खात्याच्या योजनेत, उद्दिष्टशीर्ष (पैसा कशावर गेला ते सांगणारा क्रमांक) २६ ‘जाहिरात व प्रसिद्धी’ खाली असू शकतो. काही खर्च ‘इतर खर्च’ किंवा ‘व्यावसायिक सेवा’ यांतही जाऊ शकतो. शिवाय लोकार्पणाची पानभर जाहिरात महामंडळ किंवा प्राधिकरण स्वतःच्या पैशातून देतं, तेव्हा ती २२२० मध्ये दिसतच नाही. म्हणून जाहिरात हातात आली की खालचा कोपरा आधी बघा. ती कोणी प्रसिद्धीस दिली ते तिथे असतं, आणि पुढचा सगळा शोध त्या नावावर अवलंबून.

दुसरी पायरी शासन निर्णयांच्या संकेतस्थळाची. विभाग आणि तारीख निवडून ‘प्रसिद्धी’, ‘माध्यम आराखडा’, ‘जनजागृती’ हे शब्द टाका. निर्णय सापडला की प्रस्तावनेवर वेळ घालवू नका. रक्कम, कालावधी आणि शेवटच्या परिच्छेदातलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या शीर्षाखाली टाकला त्याचा क्रमांक, उतरवून घ्या. निर्णयाचा संकेतांक, म्हणजे त्याचा स्वतंत्र क्रमांक, तोही लिहून ठेवा. आदेश बदलला किंवा रद्द झाला तर नेमका कोणता कागद ते त्याच्यावरूनच सांगता येतं.

मग ते लेखाशीर्ष वित्त विभागाच्या बीम्स या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर टाकून तरतूद, वितरित निधी आणि खर्च पाहा. हे तीन आकडे कधीही मिसळू देऊ नका. ‘२०० कोटी उधळले’ असं म्हटलं आणि प्रत्यक्षात ती मंजुरी निघाली, खर्च त्याच्या निम्मा झालेला असला, तर उद्या खुलासा येतो आणि उरलेला खरा मुद्दाही बुडतो. उलट बाजूनेही घात होतो. जाहिरातींची बिलं उशिरा निघतात, त्यामुळे यंदाच्या मोहिमेचा खर्च पुढच्या वर्षात पडलेला असू शकतो. पुरवणी मागण्यांची पुस्तिका आली की त्याच शीर्षावर पुन्हा पैसे मागितलेत का तेही बघायचं.

पक्षाची जाहिरात आणि सरकारची जाहिरात यांत गल्लत करू नका. १३ जून २०२३ ची ‘राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे’ ही पानभर जाहिरात आठवा. ती शिवसेनेची होती, शासनाची नव्हती. तिथे ‘तिजोरीची लूट’ म्हणणं चुकीचं ठरलं असतं. पैसे कोणी दिले आणि मित्रपक्षाचा नेता त्यात का नाही, हे विचारणं मात्र रास्त होतं आणि चर्चा त्यावरच झाली.

प्रमाण काढताना

विरोधी पक्षांचं सर्वाधिक हसं इथे होतं.

‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चं उदाहरण घ्या. महिला सबलीकरणविषयक संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल मांडला. २०१६ ते २०१९ या काळात वितरित झालेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतल्या प्रचारावर गेली, असं त्यात होतं. समितीच्या अध्यक्ष नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हिना गावित, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच. विरोधकांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणं अवघड. तरी बचावही समजून घ्या. लोकांची मानसिकता बदलणं हेच योजनेचं उद्दिष्ट, तेव्हा प्रचार हेच काम, असं सरकार म्हणू शकतं. लसीकरण, क्षयरोग, हेल्पलाइन यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. म्हणून पुढचा प्रश्न तयार हवा, की मुलींच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर काय खर्च झाला.

आता ‘लाडकी बहीण’. २०२४ मध्ये तिच्या प्रसिद्धीसाठी सुमारे २०० कोटी मंजूर झाले. रक्कम मोठीच, पण योजनेचा वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. टक्केवारी निघते ०.४३. इथे प्रमाण काढलंत तर सरकारचंच काम करता. ‘२०० कोटींत १,५०० रुपयांचे १३ लाखांहून जास्त हप्ते बसतात’ हे सभेत टाळ्या घेतं, सभागृहात नाही. या योजनेत बळकट मुद्दा पडताळणीचा आहे. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले आणि २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक लाभार्थ्यांचा लाभ स्थगित झाला. मोहीम जोरात आणि छाननी मागाहून, हे तारखांनी दाखवता येतं, आणि तारखांना टक्केवारीचं उत्तर चालत नाही.

तुलनेची सर्वांत स्वच्छ मांडणी न्यायालयातून आली. दिल्लीच्या प्रादेशिक जलद रेल्वेसाठी तिथल्या तेव्हाच्या आम आदमी पक्षाच्या सरकारकडे राज्याच्या हिश्शाचे ४१५ कोटी थकले होते. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सरकारचा तीन वर्षांचा जाहिरात खर्च मागवला, तो निघाला सुमारे १,१०० कोटी. तिजोरी एकच, काळ एकच. दिल्लीतल्या भाजपने हे दोन आकडे नंतर भरपूर वापरले. तुमच्या जिल्ह्यात अशी जोडी शोधा. त्याच खात्याची थकलेली शिष्यवृत्ती, त्याच वर्षातली त्याच खात्याची जाहिरात. रस्त्याचे खड्डे आणि पर्यटनाची जाहिरात अशी मोट बांधू नका, खातीच वेगळी.

सभागृहात

तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याचा) साचा सगळ्यांना पाठ असतो, पण भाग पाडण्यात हुशारी लागते. असा लिहा:

सन्माननीय मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—
(१) अमुक योजनेच्या प्रसिद्धीसाठी अमुक दिनांकाच्या शासन निर्णयान्वये अमुक रक्कम मंजूर करण्यात आली, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यापैकी आजमितीस प्रत्यक्ष खर्च किती व कोणत्या लेखाशीर्षाखाली झाला;
(३) उक्त कालावधीत योजनेच्या लाभापोटी प्रलंबित असलेली रक्कम व लाभार्थी संख्या किती आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात विशेषण घातलंत, ‘अवाजवी उधळपट्टी झाली हे खरे आहे काय’ असं, की उत्तर येतं ‘हे खरे नाही’ आणि बाकीच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. अर्धी तयारी या एका शब्दापायी वाया जाते. ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं तर खूश व्हा आणि उपप्रश्न ‘कोणता अंश’ यावरच लावा. प्रश्न चर्चेला आलाच नाही, तर लेखी उत्तर जपून ठेवा. शासनाने सही करून दिलेला आकडा आहे तो.

मंत्र्यावर थेट आरोप करायचा असेल तर विधानसभा नियमांतल्या नियम ३५ ची नोटीस आधी द्या, नाहीतर कामकाजातून शब्द काढले जातात. सभागृहातल्या बोलण्याला घटनेच्या अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे. तेच वाक्य बाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर म्हटलं की ते राहत नाही.

माहिती अधिकार

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. ‘एवढा खर्च का केला’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नाही. माध्यम आराखडा, संस्थेला दिलेला कार्यादेश, देयकं आणि त्यावरची टिपणी यांच्या प्रमाणित प्रती मागा. पान २ रुपये. फाइल जाड असेल तर आधी निरीक्षण मागा, पहिला तास मोफत असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. म्हणजे अधिवेशनात वापरायचं असेल तर अर्ज किमान तीन महिने आधी गेला पाहिजे. अधिवेशन जाहीर झाल्यावर टाकलेला अर्ज पुढच्या अधिवेशनाच्या कामाचा.

श्रेयाचा आरोप

इथे पैशाचा नाही, तारखांचा तक्ता लागतो. प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, पूर्णत्वाचा दाखला, भूमिपूजन आणि लोकार्पण, प्रत्येकासमोर दिनांक आणि तेव्हाचं सरकार. २०१७ च्या ‘मी लाभार्थी’ मोहिमेवर विरोधकांनी हाच धागा पकडला होता, की जाहिरातीतला लाभ नेमका कोणाच्या काळात मंजूर झाला. धागा चांगला, पण एक पथ्य पाळा. जाहिरातीत दिसलेल्या शेतकऱ्याच्या दारात कॅमेरा घेऊन जाऊ नका. तो संध्याकाळी दुसऱ्या वाहिनीवर ‘मला लाभ मिळाला’ म्हणतो आणि चर्चा तुमच्यावर उलटते. मंजुरी आदेश दाखवा, माणूस नको.

फोटोवरून आक्षेप घेताना अजूनही अनेक जण १३ मे २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फडकवतात. त्यात राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याच छायाचित्रांना मुभा होती. १८ मार्च २०१६ रोजी फेरविचारात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्री यांनाही ती मिळाली. तेव्हा मुख्यमंत्र्यांचा नुसता फोटो हा भंग नाही. पक्षाचं चिन्ह, विरोधकांवर टीका किंवा पक्षप्रचार सरकारी जाहिरातीत असेल, तर मात्र निकालातली मार्गदर्शक तत्त्वं थेट लागू होतात.

पत्रक काढण्याआधी आपलं सरकार होतं त्या वर्षांचे २२२० चे आणि उद्दिष्टशीर्ष २६ चे आकडे काढून ठेवा. पहिल्या तासात समोरून तेच येणार. आपला आकडा जास्त निघाला तर रकमेचा मुद्दा गाळा आणि थकबाकीचा किंवा तारखांचा घ्या. पत्रक एक पान, जोडपत्रं मागे, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो मंजुरीचा, वितरणाचा की खर्चाचा हे लिहिलेलं.