कार्निवलच्या क्रूझवर स्वतःचं ड्रिंक नेताय? मग हे बघा

कार्निवल या अमेरिकन कंपनीच्या क्रूझवर २१ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसाला वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते, पण फक्त चढायच्या दिवशी आणि तीही हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात टाकली तर स्कॅनरमध्ये दिसते आणि बॅग अडकून बसते. व्हिस्की, रम, बिअर विसराच, माउथवॉशच्या बाटलीत भरून न्यायचे उद्योग तर अजिबात नकोत, तिथल्या लोकांनी सगळं बघितलंय. सोडा, ज्यूस वगैरे माणशी १२ कॅन किंवा कार्टन, प्रत्येकी ३५५ मिलीपर्यंत चालतात, प्लास्टिकच्या बाटल्या मात्र चालत नाहीत. वाइन केबिनमध्येच प्या, डायनिंग रूममध्ये नेली की कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली तिथे पिण्याचं शुल्क, लागतं. वाटेतल्या बंदरावर घेतलेली दारू क्रूझ संपेपर्यंत जहाजवाल्यांच्याच ताब्यात राहते.