महिनाअखेरची ओढाताण: माझा अनुभव

खर्चाची वही मी नेमाने लिहायचो, तरी वीस तारीख उलटली की हात आखडायचा. मग 50-30-20 चा नियम धरला: हाती येणाऱ्या पगारातले 50 टक्के गरजांना, 30 हौसेला, 20 बचत आणि ठरलेल्या हप्त्यापलीकडच्या जादा कर्जफेडीला; हप्ता स्वतः गरजांतच धरायचा. पण माझं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता मिळूनच 58 टक्के जात होते. पहिल्याच रकान्यात गाडी अडली.

नंतर शून्याधारित बजेट करून पाहिलं. त्यात महिना सुरू होण्याआधीच पै न् पैला काम नेमून द्यायचं, शिल्लक शून्य. पद्धत चोख आहे, पण रोज रात्रीच्या नोंदी मला झेपल्या नाहीत.

शेवटी तीन महिन्यांची बँकेची स्टेटमेंट काढली आणि पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करत बसलो. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. गळती दोनच ठिकाणी होती: बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी. बाकीचे खर्च ठरलेलेच.

आता पगाराच्याच दिवशी बचतीची रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळते. त्या दोन खर्चांसाठी रोख रकमेची दोन पाकिटं. ऑनलाइन काही घेतलं, तर तेवढे पैसे पाकिटातून काढून बाजूला ठेवतो. पाकीट पातळ झालं की बोटांनाच कळतं, आणि हात आपसूक थांबतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती, वर्षातून एकदा येणारा विम्याचा हप्ता. त्याला बाराने भागून तेवढी रक्कम दरमहा वेगळी काढतो. यंदा तो उसनवारी न करता भरला.