वेबसॉकेट बरोबर 60 सेकंदांनी तुटतो: माझा अनुभव (नोड, डब्ल्यूएस, एनजिनएक्स)

लक्षण: पाळीपाळीने खेळायचा पत्त्यांचा गेम. त्यात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडं राहणारं कनेक्शन, म्हणजे वेबसॉकेट. सर्व्हरवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि त्याची वेबसॉकेटची लायब्ररी डब्ल्यूएस, पुढे एनजिनएक्स (ब्राउझर आणि नोड यांच्या मधला सर्व्हर). स्वतःच्या मशीनवर सुरळीत, पण सर्व्हरवर टाकला की एखाद्याने मिनिटभर विचार केला की तो बाहेर. ब्राउझरमध्ये क्लोज कोड 1006 (कनेक्शन रीतसर बंद न होता तुटलं), नोडच्या लॉगमध्ये एरर नाही. खेळणारे वैतागून निघून जायचे, याचा फार त्रास झाला.

टीसीपी कीपअलाइव्हने (कनेक्शन जिवंत आहे का हे ऑपरेटिंग सिस्टिमने तपासणं) फरक पडला नाही. क्लायंटमध्ये आपोआप रीकनेक्ट टाकला, तर लक्षण झाकलं जायचं, पण डाव अर्धवट राहायचा.

कारण एनजिनएक्समध्ये. मागच्या सर्व्हरकडून (इथे नोडकडून) 60 सेकंद काहीच डेटा आला नाही तर तो कनेक्शन बंद करतो. 'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट' या सेटिंगची मूळ किंमतच तेवढी आहे.

चालला तो क्रम असा. आधी एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या लोकेशन ब्लॉकमध्ये एचटीटीपी 1.1, अपग्रेड आणि कनेक्शन हेडर (वेबसॉकेट जोडायला लागतात ते) आहेत ना, हे पाहिलं. मग नोडमध्ये दर 30 सेकंदांनी प्रत्येक सॉकेटला पिंग ('आहेस का?' असा छोटा संदेश, त्याचं उत्तर म्हणजे पाँग), म्हणजे 60 सेकंद शांतता राहत नाही. पिंगआधी सॉकेटवरची 'इजअलाइव्ह' ही खूण फॉल्स करायची, पाँग आला की ट्रू. पुढच्या फेरीतही फॉल्सच दिसली तर कनेक्शन टर्मिनेट, म्हणजे तोडायचं. पाँग ब्राउझर स्वतःच पाठवतो, क्लायंटला हात लावायचा नाही. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधून पिंग फ्रेम पाठवताच येत नाही, त्यामुळे हे काम सर्व्हरनेच करायचं. शेवटी नोड रीस्टार्ट.

टाइमआउट नुसता वाढवूनही भागतं, पण नेट गेलेला खेळाडू टेबलावर बसलेलाच दिसतो. म्हणून पिंगच बरा.

सॉकेट.आयओ या तयार लायब्ररीमध्ये दर 25 सेकंदांची पिंग आयती मिळते. नवा गेम सुरू करणाऱ्याने तेच घ्यावं, असं माझं मत.